ग्रह आज सूर्यापासून किती लांब? गच्चीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर महिन्यातून एकदा आकाश बघायला माणसं जमतात. दुर्बीण एकच आणि रांग लांब, त्यामुळे रांगेत उभ्याउभ्याच प्रश्न सुरू होतात. त्यातले निम्मे भिंतीवरच्या कॅलेंडरातून आलेले असतात: 'गुरू अस्त', 'शुक्र उदय पूर्वेस', 'मंगळ वक्री', 'बुध मार्गी'. वर्षानुवर्षं हे शब्द आपण तिथीबरोबर वाचतो आणि दुधाचा हिशेब लिहायला पुढच्या चौकोनाकडे वळतो. खरं तर हे चारही शब्द एकाच गोष्टीबद्दल बोलतात, ती म्हणजे ग्रह आणि सूर्य यांच्यातलं आपल्याला दिसणारं अंतर. तेच प्रश्न परतपरत येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

ग्रह तर ताऱ्यांमधून फिरतात. मग सूर्यापासूनचं अंतर कशाला बघायचं?

कारण ग्रह दिसणार की नाही, कधी दिसणार आणि कुठल्या दिशेला दिसणार, हे सगळं त्यावर ठरतं. ग्रह कुठल्या राशीत आहे हे कळलं तरी ती रास रात्री वर आहे की दिवसा, हे वेगळं शोधावं लागतं. त्यापेक्षा 'शुक्र सूर्याच्या पूर्वेला ४० अंशांवर' एवढं कळलं की काम झालं. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. चाळीस अंश म्हणजे ढोबळमानाने सूर्यास्तानंतर दोन तास चाळीस मिनिटांनी शुक्र मावळणार. जेवण उरकून गच्चीवर गेलात तर तो गेलेला असेल, हे आधीच कळतं.

अंश मोजायचे कशाने? आमच्याकडे काही उपकरण नाही.

हात आहे ना! हात पूर्ण लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. करंगळीची जाडी १ अंश, ताणलेली वीत २० अंशांच्या थोडी पुढे. मुलांचे हात लहान, पण लांबीही कमी, त्यामुळे त्यांच्या मुठीतही तेवढेच दहा अंश येतात.

'शुक्र परम पूर्व इनापगमी' असं वाचलं, पण तो तर पश्चिमेला दिसतोय. छपाईची चूक का?

चूक नाही. 'इन' म्हणजे सूर्य आणि 'अपगम' म्हणजे दूर जाणं. इनापगम हे ग्रहाचं सूर्यापासूनचं कोनीय अंतर, आणि ते जास्तीत जास्त झालं की परम इनापगम. ग्रह सूर्याच्या पूर्वेला असेल तर सूर्य आधी मावळतो आणि ग्रह मागे राहतो, म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेच्या आकाशात दिसतो. ग्रह सूर्याच्या पश्चिमेला असेल तर तो सूर्याआधी उगवतो, म्हणजे पहाटे पूर्वेला. थोडक्यात, इनापगमाच्या भाषेत 'पूर्व' म्हणजे संध्याकाळ आणि 'पश्चिम' म्हणजे पहाट. हे डोक्यात बसायला मला स्वतःला दोन वर्षं लागली, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

शुक्र मध्यरात्री डोक्यावर का येत नाही?

त्याची कक्षा आपल्या कक्षेच्या आत आहे. त्यामुळे तो सूर्यापासून ४५ ते ४७ अंशांपलीकडे कधी जातच नाही. बुधाची मर्यादा त्याहून कमी, १८ ते २८ अंश. एवढा फरक का, तर बुधाची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार आहे. मंगळ, गुरू, शनी आपल्या बाहेर आहेत, त्यामुळे ते शून्यापासून १८० अंशांपर्यंत कुठेही असू शकतात. मध्यरात्री माथ्याजवळ ठळक ग्रह दिसला तर तो शुक्र किंवा बुध नाही, एवढं डोळे मिटून सांगता येतं.

शुक्र महिनोन्महिने संध्याकाळी जागच्या जागी दिसतो आणि मग आठ-पंधरा दिवसांत गायब होतो. असं का?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. उत्तर वहीतूनच देतो.

२०२५ च्या जानेवारीत मी ठरवलं की दर आठवड्याला सूर्यास्तानंतर बरोबर अर्ध्या तासाने, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ टेकवून, शुक्र क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते मोजायचं. १० जानेवारीला शुक्र सूर्यापासून सर्वात लांब, ४७ अंशांवर होता. टाकीपाशी उभं राहून मोजल्या चार मुठी. पुढच्या आठवड्यात चार. त्याच्या पुढच्या आठवड्यातही जवळजवळ चारच. शेजारचा मुलगा सुरुवातीला उत्साहाने यायचा, तो तिसऱ्या खेपेला कंटाळून क्रिकेटला गेला. फेब्रुवारीच्या मध्यावर सव्वातीन. म्हणजे पाच आठवड्यांत एक मूठसुद्धा पुरती उतरला नाही.

आणि मग घसरण सुरू झाली. १ मार्चला दोनच मुठी. १० मार्चला एक. १५ मार्चला समोरच्या इमारतीच्या कठड्याआड तो अर्धवट लपलेला, अर्ध्या मुठीचाही नाही. २३ मार्चला तो सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून गेला. यालाच अंतर्युती म्हणतात.

कारण असं. परम इनापगमाच्या सुमाराला शुक्र जवळजवळ थेट आपल्या दिशेने येत असतो. हायवेवर समोरून येणारा ट्रक लांब असताना जागेवरून हलतोय असं वाटतच नाही, फक्त दिवे मोठे होत जातात, आणि जवळ आला की सर्रकन बाजूने निघून जातो. शुक्राचंही तसंच. जानेवारीत तो आपल्याकडे येत होता, मार्चमध्ये आपल्या समोरून आडवा गेला. 'दिवे मोठे होतात' हेही अक्षरशः खरं आहे. त्या काळात दुर्बिणीतून बघितलेला शुक्र अर्धचंद्रासारखा होता आणि पुढे मोठी पण बारीक कोर होत गेला. अंतर्युतीच्या पाचेक आठवडे आधी, कोर असूनही, तो सर्वात तेजस्वी दिसतो.

दिवस मोजले तर हिशेब आणखी मजेशीर निघतो. १० जानेवारीच्या पूर्व इनापगमापासून १ जूनच्या पश्चिम इनापगमापर्यंत जेमतेम १४२ दिवस लागले. सूर्यामागून वळसा घालून पुन्हा संध्याकाळच्या परम इनापगमाला यायला मात्र १५ ऑगस्ट २०२६ उजाडतो, म्हणजे ४४० दिवस. पूर्ण चक्र सरासरी ५८४ दिवसांचं.

हे चक्र परत तसंच्या तसं येतं का?

शुक्राचं जवळजवळ तसंच येतं. त्याची पाच चक्रं म्हणजे २९२० दिवस आणि आपली आठ वर्षं म्हणजे २९२२. फरक दोन-अडीच दिवसांचा. २५ मार्च २०१७ ला अंतर्युती झाली होती, आणि पुढे २३ मार्च २०२५ ला. मुलगा पहिलीत असताना ज्या खिडकीतून शुक्र दाखवलात, त्याच खिडकीतून त्याच तारखेला तो नववीत दाखवता येईल. नववीतला मुलगा बघायला येईल का, हा प्रश्न खगोलशास्त्राच्या बाहेरचा.

कॅलेंडरमधला 'अस्त' म्हणजे काय? ग्रह तर रोजच मावळतात.

हा रोजचा अस्त नव्हे. सूर्य ताऱ्यांमधून रोज साधारण एक अंश पूर्वेला सरकतो. सरकतसरकत तो एखाद्या ग्रहाच्या इतका जवळ येतो की संधिप्रकाशात ग्रह दिसेनासा होतो. तो ग्रहाचा अस्त, म्हणजेच लोप. काही दिवसांनी तो दुसऱ्या बाजूने पुन्हा दिसू लागतो, तो उदय. गुरूचा अस्त नेहमी पश्चिमेला संध्याकाळी होतो आणि उदय पूर्वेला पहाटे. शुक्र-बुधांना मात्र दोन्ही बाजूंनी अस्त आणि दोन्ही बाजूंनी उदय असतो, म्हणून कॅलेंडरात त्यांच्यापुढे 'पूर्वेस' किंवा 'पश्चिमेस' असं मुद्दाम छापावं लागतं.

किती जवळ आला म्हणजे अस्त? याचे आकडे सूर्यसिद्धान्त या जुन्या भारतीय खगोलग्रंथात दिलेले आहेत. त्यांना कालांश म्हणतात: गुरूला ११, शनीला १५, मंगळाला १७, बुधाला १४ आणि शुक्राला १०. वक्री असताना बुधाला १२ आणि शुक्राला ८ पुरतात. एक कालांश म्हणजे चार मिनिटं. गुरू सूर्यानंतर ४४ मिनिटांच्या आत मावळत असेल तर तो अस्तंगत धरायचा. आकड्यांचा क्रम बघा. सर्वात तेजस्वी शुक्राला सर्वात कमी, मिणमिणत्या मंगळाला सर्वात जास्त. हे टेबलापाशी बसून सुचलेले आकडे नव्हेत, संध्याकाळी डोळे ताणून बघणाऱ्या कुणीतरी ठरवलेले आहेत.

मग गुरू-शुक्राच्या अस्तात लग्नं का नसतात?

तो धर्मशास्त्राचा रिवाज आहे. मी फक्त आकाशात काय घडतं ते सांगू शकतो. २०२४ मध्ये १८ मेला गुरू सूर्यामागे होता आणि ४ जूनला शुक्र. दोघांचे अस्त एकमेकांत गुंतले आणि ऐन लग्नसराईतले मुहूर्त आटले. तेव्हा अनेक घरांत पहिल्यांदाच ग्रहांच्या सूर्यसान्निध्यावर एवढी गरमागरम चर्चा झाली असेल. माझ्या मामेभावाचं लग्न पुढे ढकललं गेलं, तेव्हा मी त्याला युतीची आकृती काढून दाखवली. त्याला ती फारशी आवडली नाही.

दोन पंचांगांत अस्ताच्या तारखा वेगळ्या का? आणि 'उदय' लिहिलेल्या दिवशी मला काहीच दिसलं नाही!

गणिताची पद्धत आणि कालांशाचे आकडे थोडे इकडेतिकडे झाले की तारीख एक-दोन दिवसांनी हलते. दुसरं म्हणजे पंचांगातला उदय हा स्वच्छ, मोकळ्या क्षितिजावरचा असतो. तुमच्या पूर्वेला सात मजली इमारत असेल तर तुमचा उदय आठवडाभर उशिरा. त्यात धूळ, धुरकं आणि हिवाळ्यातलं धुकं. जून २०२५ मध्ये तर सूर्याजवळच्या गुरूला पावसाळी ढगांनीही झाकलं. तेव्हा ज्याने त्याने आपला गावठी उदय आपल्या वहीत लिहावा आणि तो छापील तारखेशी ताडून बघावा. यातच खरी गंमत आहे.

शुक्र कधी आठवड्यात परत येतो, कधी दोन महिने गायब. मंगळ तर चार-चार महिने दिसत नाही. असं कसं?

ही सूर्य आणि ग्रह यांच्यातली शर्यत आहे. सूर्य दिवसाला एक अंश पूर्वेला जातो. गुरू त्या वेळी दिवसाला पाव अंशही सरकत नाही, त्यामुळे सूर्य त्याला झटक्यात ओलांडून जातो आणि गुरू महिन्याभरात पहाटे दिसू लागतो. शनी आणखी संथ, पण अंधूक, म्हणून त्याला पाचेक आठवडे लागतात. मंगळ मात्र स्वतःही दिवसाला पाऊण अंशाच्या आसपास पळत असतो. सूर्य त्याला ओलांडतो खरा, पण मालगाडी मालगाडीला ओलांडते तसा. त्यात मंगळ तेव्हा आपल्यापासून सर्वात दूर आणि फिका, म्हणून चार महिने.

शुक्राचे अस्त दोन प्रकारचे. तो सूर्याच्या पलीकडून जातो तेव्हा ती बहिर्युती. तेव्हा शुक्र आणि सूर्य एकाच दिशेने चाललेले असतात, त्यामुळे दोन-अडीच महिने शुक्र सापडत नाही. तो अलीकडून जातो तेव्हा दोघे परस्परविरुद्ध दिशांना जातात, त्यामुळे आठवडाभरात सगळं आटोपतं.

वक्री म्हणजे ग्रह खरंच मागे फिरतो का?

नाही. मुंबईकरांना हे पटकन कळतं. फास्ट लोकल स्लो लोकलच्या बाजूने पुढे निघाली की स्लो गाडीतली माणसं मागे जाताना दिसतात, प्रत्यक्षात ती गाडीही पुढेच चाललेली असते. पृथ्वी आतल्या रुळावरची जलद गाडी. ती मंगळ-गुरू-शनींना मागे टाकते त्या काळात ते ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पश्चिमेकडे सरकताना दिसतात. पृथ्वी त्यांच्या अगदी बरोबरीला येते त्या दिवशी प्रतियुती असते. तेव्हा ग्रह सूर्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर असतो, सूर्यास्ताला उगवतो आणि रात्रभर दिसतो. प्रतियुती वक्रकाळाच्या साधारण मधोमध पडते.

एक ताजं उदाहरण घ्या. ११ नोव्हेंबर २०२५ ला गुरू पुनर्वसूच्या जोडताऱ्यांच्या दक्षिणेला, मुठीहून कमी अंतरावर थबकला. मग तो ताऱ्यांमधून पश्चिमेकडे सरकू लागला. १० जानेवारी २०२६ ला प्रतियुती झाली आणि ११ मार्चला तो पुन्हा मार्गी लागला, म्हणजे नेहमीसारखा पूर्वेकडे सरकू लागला. चार महिन्यांत उलटा प्रवास किती? दहा अंश, म्हणजे एक मूठ. वहीत दर पंधरा दिवसांनी पुनर्वसूचे दोन तारे काढून गुरूचा एक ठिपका दिला असता तरी हे कळलं असतं. त्याला दुर्बीण लागत नाही, लागते ती चिकाटी.

वक्री काळ ग्रहागणिक वेगळा असतो. शनी साडेचार महिने, गुरू चार, मंगळ दोन-अडीच, शुक्र सहा आठवडे आणि बुध तीन. सूर्यसिद्धान्तात तर ग्रहाच्या आठ गती सांगितल्या आहेत: दोन-तीन प्रकारची वक्र गती, मग मंद, मंदतर, सम, शीघ्र वगैरे. म्हणजे 'थबकला, मागे गेला, रेंगाळला, सुटला' हे सगळं नावं देऊन नोंदवलेलं होतं.

बुध वक्री झाला की मोबाईल बिघडतात म्हणे?

बुध वर्षातून तीनदा, कधी चारदा वक्री होतो आणि प्रत्येक वेळी तीनेक आठवडे तसा राहतो. म्हणजे वर्षातले नऊ-दहा आठवडे. एवढ्या काळात कुणाचा ना कुणाचा मोबाईल बिघडणारच.

बघणाऱ्याच्या दृष्टीने यात एक वेगळी गोम आहे. बाहेरचे ग्रह वक्री असतात तेव्हा प्रतियुतीजवळ, म्हणजे रात्रभर आणि सर्वात तेजस्वी दिसतात. बुध-शुक्र वक्री असतात तेव्हा अंतर्युतीजवळ, म्हणजे बराचसा काळ सूर्याच्या झगमगाटात बुडालेले. ज्या वक्री बुधाची एवढी भीती घातली जाते तो त्या दिवसांत बहुधा दिसतही नसतो.

युती आणि प्रतियुती एकाच वेळी बघायला मिळतात का?

२०२६ च्या जानेवारीत पाच दिवसांत मिळाल्या. ६ तारखेला शुक्र सूर्यामागे, ९ ला मंगळ सूर्यामागे आणि १० ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर. त्या संध्याकाळी पश्चिमेला शुक्र नाही, मंगळ नाही, नैर्ऋत्येकडे एकटा शनी. उलट पूर्वेला सूर्य मावळता मावळता गुरू वर येतोय. तेव्हा एकाने तक्रार केली, 'एवढे ग्रह आहेत म्हणता, मग गेले कुठे?' सूर्याआड गेले होते.

बुध दिसतच नाही. कसा शोधायचा?

यात आपण नशीबवान आहोत. लंडनला मार्चमध्ये सूर्यास्ताच्या वेळी ग्रहांचा मार्ग, म्हणजे आयनिक वृत्त, क्षितिजाशी ६२ अंशांचा कोन करतं आणि सप्टेंबरमध्ये जेमतेम १५ अंशांचा. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मार्चमधल्या संध्याकाळी ते जवळजवळ सरळ उभं असतं, ८५ अंशांच्या वर, आणि सप्टेंबरमध्येही ४७-४८ अंश. तेव्हा महाराष्ट्रात किंवा गोव्यात संध्याकाळचा बुध बघायला फेब्रुवारी-मार्च आणि पहाटेचा बघायला सप्टेंबर-ऑक्टोबर हे उत्तम दिवस.

हा कोन काय करतो ते बघा. १९ फेब्रुवारी २०२६ ला संध्याकाळी बुध सूर्यापासून फक्त १८ अंशांवर होता आणि ३ एप्रिलला पहाटे २८ अंशांवर. आकडे वाचून वाटेल की एप्रिलमध्ये तो खूप वर दिसला असेल. पण फेब्रुवारीतले १८ अंश उभे होते आणि एप्रिलमधले २८ अंश तिरके पडलेले, त्यामुळे उंचीत फारसा फरक नव्हता. म्हणून नुसतं इनापगम वाचून उत्साहात गजर लावू नका, महिना कुठला तेही बघा.

उलट कधीकधी हा उभेपणा नडतोही. मार्च २०२५ मध्ये शुक्र सूर्याच्या आठेक अंश उत्तरेकडून गेला, तेव्हा युरोपातल्या लोकांना तो एकाच दिवशी पहाटेही दिसला आणि संध्याकाळीही. आपल्याकडे ते उत्तरेचे आठ अंश क्षितिजाला समांतर आडवे पसरले, आणि संध्याकाळी शुक्र सूर्याबरोबरच मावळून गेला.

बुध शोधायला सूर्यास्तानंतर तीस-पस्तीस मिनिटांनी सूर्य बुडाला त्या जागेच्या वर एक मूठ बघा. समोर समुद्र किंवा माळ हवा. कोकणातल्या किनाऱ्यासारखी जागा नाही.

'सर्व ग्रह एका रांगेत, दुर्मीळ योग' असा मेसेज आलाय. खरं का?

ग्रह नेहमीच एका रांगेत असतात, कारण सगळे आयनिक वृत्ताच्या आसपासच फिरतात. फक्त कधी ते सूर्याच्या एकाच बाजूला जमतात, तेव्हा एकाच वेळी जास्त दिसतात, एवढंच. दर ऑगस्टला येणारा 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा मेसेज त्याचाच भाऊ. २००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, तेव्हा तो जन्मला आणि अजून मरत नाही.

खरा दुर्मीळ योग बघायचा तर २१ डिसेंबर २०२० चा होता. गुरू आणि शनी एकमेकांपासून एक दशांश अंशावर, एकाच दुर्बिणीत दोघे.

शुक्र भर दिवसा दिसतो हे खरं का?

खरं आहे, आणि 'दिवसा तारे दिसणं' यापेक्षा चांगल्या अर्थाने. शुक्र सूर्यापासून ४० अंशांच्या आसपास असताना, आकाश निळंशार असेल तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सोपा मार्ग म्हणजे पहाटेचा शुक्र धरायचा. एखाद्या खांबाच्या किंवा गच्चीच्या कोपऱ्याच्या संदर्भात तो बघत राहायचं आणि सूर्य उगवला तरी नजर सोडायची नाही. चंद्रकोर शेजारी असेल तर आणखी सोपं.

इथे हात जोडून एक सांगणं: बायनॉक्युलर किंवा दुर्बीण घेऊन सूर्याजवळ ग्रह शोधू नका. सूर्य भिंतीच्या किंवा इमारतीच्या पूर्ण आड असेल अशाच जागी उभे राहा. भिंगातून क्षणभर सूर्य दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. आमच्या गच्चीवर दुर्बीण सूर्याच्या बाजूला वळवायची असेल तर मी एकटा वळवतो, आणि तेही पुढे सौर फिल्टर लावूनच.

अंतर्युतीला शुक्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून जातो म्हणालात. मग दर वेळी काळा ठिपका का दिसत नाही?

शुक्राची कक्षा आपल्या कक्षेशी ३.४ अंश कललेली आहे. त्यामुळे तो बहुतेक वेळा सूर्याच्या वरून किंवा खालून निसटतो. नेमका बिंबावरून गेला तर ते अधिक्रमण. ८ जून २००४ चं आणि ६ जून २०१२ चं भारतातून दिसलं, जिथे ढगांनी दया केली तिथे. मधे आठ वर्षं, हे लक्षात आलं असेलच. पुढचं डिसेंबर २११७ मध्ये आहे, त्याची तयारी आपण करायला नको. बुधाचं मात्र १३ नोव्हेंबर २०३२ ला दुपारी भारतातून दिसेल. पावसाळा संपलेला, दिवाळीनंतरचं आकाश. तारीख आत्ताच लिहून ठेवा.

दुर्बीण नव्हती तेव्हा लोकांना हे कसं कळलं?

रोज बघून. बाबिलोनमध्ये राजा अम्मीसदुकाच्या काळातल्या, म्हणजे साडेतीन हजार वर्षांहून जुन्या नोंदी मातीच्या पाटीवर सापडल्या आहेत. त्यांत २१ वर्षांतले शुक्राचे उदय-अस्त आहेत. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी शुक्राचं चक्र २३६, ९०, २५० आणि ८ दिवसांत विभागलं होतं. बेरीज करा, ५८४ येते. शेवटचे आठ दिवस म्हणजे अंतर्युतीचा तो छोटा अस्त.

आपल्याकडचं उदाहरण कोकणातलं. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ वेगवेगळ्या सिद्धान्तांनी काढलेलं ग्रहांचं स्थान प्रत्यक्ष आकाशाशी ताडून बघत. ग्रंथ एक सांगतो आणि ग्रह दुसरीकडे असतो, हे त्यांनी नोंदवलं. त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमाराला 'ग्रहलाघव' लिहिला आणि पुढे शतकानुशतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावरून होत राहिली. हळूहळू त्यातही फरक साचला आणि एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञांनी नव्या कोष्टकांचा आग्रह धरला. गणित आणि डोळ्यांना दिसणारं आकाश जुळण्याला जुना शब्द आहे 'दृक्प्रत्यय'. गच्चीवर आपण करतो ते तेच, फक्त मुठीच्या मापाने.

पावसाळ्यात चार महिने काय करायचं?

चरफडायचं! गंमत बाजूला, सूर्याच्या अभ्यासासाठी १९९५ साली सोडलेल्या सोहो यानाच्या एका कॅमेऱ्यात मधली तबकडी सूर्याला झाकते आणि सूर्याच्या दोन्ही बाजूंचं आठेक अंशांपर्यंतचं आकाश दिसतं. ग्रह अस्तंगत असताना नेमका तिथे असतो. त्या चित्रांचा संग्रह इंटरनेटवर खुला आहे. एखाद्या युतीच्या आसपासची आठ-दहा दिवसांची चित्रं एकापुढे एक लावलीत तर आपल्याकडे कधीच न दिसणारा भाग, म्हणजे ग्रह सूर्यामागे जाऊन पलीकडून बाहेर येताना, डोळ्यांसमोरून सरकतो. २९ जुलै २०२६ ची गुरूची युती ऐन आषाढात येते. इथून तसंही काही दिसायचं नाही, ती चित्रांतच बघायची.

मोबाईलवरच्या स्टेलॅरियमसारख्या ॲपमध्ये तारीख पुढेमागे करून बघणंही बरं, पण आधी आकाश आणि मग ॲप, असा माझा हट्ट आहे. मुंबईत खगोल मंडळ आणि पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था यांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथेच जावं.

वहीत नेमकं काय लिहायचं?

तारीख, वेळ, सूर्यास्त किती वाजता झाला, ग्रह क्षितिजापासून किती मुठी, कुठल्या झाडाच्या किंवा इमारतीच्या वर, आणि हवा कशी होती. जागा बदलायची नाही, सूर्यास्तानंतरची मिनिटंही बदलायची नाहीत. चित्र येत नसेल तर नुसता ठिपका पुरे. माझ्या वहीतली एक ओळ देतो: '१० मार्च, सूर्यास्त + ३० मि., शुक्र १ मूठ, निळ्या ताडपत्रीच्या वर उजवीकडे, धुरकट.' ढग असतील तर त्या दिवशी 'ढग' असं लिहायचं. रकाना रिकामा सोडायचा नाही, नाहीतर वर्षभराने कळत नाही की ग्रह नव्हता की आपण गच्चीवर गेलोच नव्हतो.